पाटी उतरविण्याची रीत

शाळामास्तराने उंची उपाहारगृहांविषयी लिहावयास बसावे, यात वाचकांस थोडा विनोद दिसेल. तो दिसावा हेच योग्य. आमची स्वतःची मजल पणजीच्या ‘कॅफे भोसले’मधील भाजीपावाच्या पुढे क्वचितच गेली आहे. महिन्याच्या पगारात घर, मुलांचे शिक्षण आणि दोन मासिकांच्या वर्गण्या बसविणाऱ्या माणसाचे, जेथे पिण्याच्या पाण्याचाही वेगळा आकार पडतो अशा ठिकाणी काय काम? परंतु काही विषय आपण शोधावयास जात नाही. ते आपल्या कुंपणापर्यंत चालत येतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बार्देशात हा विषय असाच आला आहे. आसगाव, शिवोली, हणजूण या भागांत जुनी कौलारू घरे एकामागून एक उपाहारगृहे होत आहेत. मुंबई-दिल्लीची चव, भांडवल आणि गिऱ्हाईक ही तिन्ही त्यांच्या पाठोपाठ येतात. त्यांपैकी कित्येक घरे दोन-चार मोसमांनंतर पुन्हा मिटतात. उघडताना सारा गाव पाहतो. मिटताना कोणी पाहत नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते या मिटण्याविषयी.

आमच्या शेजारगावी एक मोठे घर वर्षानुवर्षे बंद होते. मालक परदेशी, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि अंगणात गवत. २०२१ साली पावसाळा सरता सरता तेथे सुतार आले, गवंडी आले. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या धुऊनपुसून निघाल्या. भिंतींवरचा गिलावा मुद्दाम खरवडून आतला जांभा दगड उघडा करण्यात आला. विहिरीला जाळी बसली आणि जाळीला दिवे लागले. ज्या बाल्कांवात पूर्वी संध्याकाळी म्हातारी माणसे बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करीत, तेथे दोघांदोघांची मेजे मांडली गेली. करोनाच्या कोंडीतून सुटलेली माणसे तेव्हा गोव्याकडे लोटत होती. डिसेंबरात त्या घरासमोरच्या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागली आणि आमची सायंकाळची फेरी दुसऱ्या वाटेने होऊ लागली.

त्या स्वयंपाकघरात आमचा एक जुना विद्यार्थी होता. दहावीला गणितात काठावर उत्तीर्ण झालेला, परंतु स्नेहसंमेलनाच्या दिवशी शंभर मुलांची भाजी एकहाती सांभाळणारा. पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून त्याने पाककलेचे रीतसर शिक्षण घेतले होते. पहिल्याच महिन्यात त्याने आम्हां उभयतांस आग्रहाने तेथे नेले. “सर, बिल तुम्ही बघायचे नाही,” ही अट त्याने आधीच घातली. परातीएवढ्या बशीच्या मधोमध बांगड्याचा एक तुकडा आला. भोवती उडदामेथीचा रस चंद्राच्या खळ्यासारखा गोल ओढलेला, आणि वर एक अंबाडा. आम्ही मनाशी हसलो. मग पहिला घास घेतला आणि हसू थांबले. आमची सौ. हळूच म्हणाली, “मेथी याच्या आईने भाजावी तशी भाजली आहे.” त्या मुलाची आई आमच्या शाळेत माध्यान्ह आहार शिजवीत असे. तिच्या हातची चव त्या बशीत होती, आणि दूरदूरची माणसे ती मोटारीने येऊन खात होती. मास्तराला याहून मोठा सन्मान कोणता?

पुढे जे झाले ते या धंद्यातल्या माणसांस नवे नाही. चालक तीन तरुण भागीदार होते. हुशार आणि बोलण्यात लाघवी. पहिले घर चालले म्हणून २०२३ मध्ये पणजीत दुसरे उघडले, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत एका महानगरात तिसरे. आमचा विद्यार्थी मुख्य आचारी झाला, पगार वाढला, आणि तो महिन्याचे पंधरा दिवस प्रवासात दिसू लागला. तिन्ही ठिकाणी चव एक राहावी म्हणून वाटण एकाच जागी वाटून, गोठवून, डब्यांतून पाठविण्याची व्यवस्था झाली. गणेशचतुर्थीला घरी आला तेव्हा तो म्हणाला, “सर, मेथी किती मिनिटे भाजायची ते आता कागदावर लिहिलेले आहे. पण मेथी दर वेळी तीच कुठे असते?” शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही परिषदेत इतके खरे वाक्य आम्ही ऐकलेले नाही.

२०२४ च्या जूनमध्ये पहिल्या घराच्या फाटकावर ‘पावसाळ्यापुरते बंद’ अशी पाटी लागली. गोव्यात अशा पाटीत वावगे काही नाही. किनाऱ्यावरचे शॅक तर नियमानेच मेअखेर उतरवावे लागतात आणि मोसमाबरोबर पुन्हा उभे राहतात. परंतु ऑक्टोबर आला तरी पाटी उतरली नाही. नोव्हेंबरात मेजेखुर्च्या टेंपोत चढल्या. कामगारांच्या भ्रमणध्वनीवर चार ओळींचा एक संदेश आला, त्यात आभार होते. दोन महिन्यांचा पगार मात्र नव्हता. त्यांतील निम्मी मुले झारखंड, ओडिशा आणि नेपाळ येथील. त्यांच्या भाड्याच्या खोलीचे भाडेही थकलेले. फोन कोणी उचलीना.

त्या दिवसांत तो मुलगा शाळेत आला. त्याला परदेशी जाणाऱ्या जहाजावर आचाऱ्याची जागा मिळण्याजोगी होती, आणि कागद हवे होते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत त्याने मागितली. कपाटातून जनरल रजिस्टर निघाले, पान सापडले, शिक्का बसला; अर्धा तास लागला असेल. मग तो म्हणाला, “सर, अनुभवाचा दाखला मात्र कुणी देत नाही.” पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या शाळेचा दाखला अर्ध्या तासात मिळाला, दोन महिन्यांपूर्वी मिटलेल्या उपाहारगृहाचा दाखला मिळेना. ही गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. थकलेल्या पगाराचा अर्ज आम्ही त्याला शुद्ध भाषेत लिहून दिला. कामगार खात्याच्या मध्यस्थीने आठ महिन्यांनी निम्मी रक्कम हाती आली. जहाजावरची जागा तोवर गेली होती.

त्यानंतर या धंद्याचे गणित समजून घ्यावे असे आम्हांस वाटले. गणित कठीण नाही; कठोर आहे. शंभर रुपयांच्या विक्रीत सुमारे तिसरा हिस्सा जिन्नसांना जावा आणि तितकाच माणसांना, असा या व्यवसायातील जुना आडाखा आहे. उरलेल्यात भाडे, वीज, कर, परवाने, फुटलेली काचसामाने आणि कर्जाचे व्याज. नफा यांतून गळून जे राहील ते. शिवाय आज रात्री रिकामी राहिलेली खुर्ची उद्या दुप्पट विकता येत नाही. कापडाचा ठाण पुढच्या सणापर्यंत थांबतो, मासळी थांबत नाही. म्हणून मोसम भरात असताना आलेला पैसा चालकास आपला वाटतो आणि तो नव्या शाखेत घातला जातो. पहिल्या घराचा खरा हिशेब मात्र पावसाळ्यात कळावयाचा असतो.

आमच्या शेजारच्या त्या घराचे मिटणे हा केवळ नवशिक्यांचा प्रकार म्हणावा, तर थोरामोठ्यांची घरेही मिटलेली आहेत. मुंबईत कुलाब्याला, ताजमहाल हॉटेलाच्या मागे मंडलिक मार्गावर, एका जुन्या बंगल्यात राहुल आकेरकर यांनी १९९९ साली ‘इंडिगो’ उघडले. उत्तम जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेल, हे समीकरण तोवर मुंबईत पक्के होते. ते मोडणाऱ्या पहिल्या काही घरांत इंडिगोची गणना होते. आकेरकर न्यूयॉर्कला जीवरसायन अभियांत्रिकी शिकलेले; प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आले. पुढे त्याच नावाची ‘डेली’ निघाली, तिच्या शाखा झाल्या. २०१५ मध्ये आकेरकर त्या कंपनीतून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये मूळ इंडिगो बंद झाले. २०१९ मध्ये त्यांनी लोअर परळला ‘क्वालिया’ काढले. ते करोनाच्या साथीत मिटले. त्यानंतरही त्यांनी मुंबईत पुन्हा चूल मांडली आहे. या व्यवसायातील चिवटपणा शेतकऱ्याच्या चिवटपणासारखा आहे. पीक बुडाले तरी पुढच्या मृगाला माणूस शेतात असतोच.

दुसरे उदाहरण दूरचे, परंतु नाते आपल्या मातीचे. फ्लॉइड कार्डोझ हे मुंबईत वाढलेले, मूळच्या गोमंतकीय घरातले आचारी. आमचा विद्यार्थी त्यांचे छायाचित्र पाकिटात ठेवी, म्हणून आम्ही त्यांच्याविषयी वाचले. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर उद्यानासमोर डॅनी मेयर या उपाहारगृहचालकाने एकाच इमारतीत दोन उंची घरे उघडली. एक ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ आणि दुसरे ‘तबला’. तबल्याची चूल कार्डोझ यांच्याकडे होती. आपले मसाले आणि तिकडचे जिन्नस यांचा मेळ त्यांनी असा घातला की न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पत्राने त्या घरास तीन तारे दिले. भारतीय जेवण म्हणजे स्वस्त रस्सा, ही तिकडची समजूत हलविण्यात या घराचा मोठा वाटा आहे.

आता गंमत पाहावी. त्याच उद्यानात मेयर यांच्या मंडळींनी २००१ साली सॉसेज-पावाची एक साधी हातगाडी लावली. २००४ मध्ये तिची टपरी झाली. नाव ‘शेक शॅक’. २०१५ मध्ये त्या टपरीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात विकावयास आले, आणि आज तिच्या शेकडो शाखा आहेत. समोरच्या इमारतीतील तबला मात्र ३० डिसेंबर २०१० रोजी बंद झाला. अडीचशेंहून अधिक आसनांचे ते विस्तीर्ण घर, तशा वेगळ्या धाटणीच्या जेवणाने रोज भरणे कठीण झाले होते. त्यातच २००८ ची मंदी येऊन गेली होती. जोडीचे इलेव्हन मॅडिसन पार्क २०१७ मध्ये जगातील सर्वोत्तम उपाहारगृहांच्या नामांकित यादीत पहिले आले. दोघांचे छप्पर एक, सालही एक, तिसरी टपरी समोरच्याच उद्यानात, तरी तिघांचे दैव तीन वाटांनी गेले.

आम्हांस यातून असे दिसते की जी चव कागदावर उतरते ती वाढविता येते. टपरीची चव कागदावर उतरली. जी हातात राहते ती फार तर दोन घरांत पुरते, आणि तेही त्या माणसाने दोन्हीकडे उभे राहिले तर. वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र आपल्याजवळचे धन कागदातले की हातातले, हे वाढण्यापूर्वी ओळखावे. न ओळखल्यास तिसऱ्या शाखेच्या भाड्याखाली पहिले घर दबते. हात ओळखूनही घर मिटू शकते, हेही खरे. मेयर यांचे पहिले घर ‘युनियन स्क्वेअर कॅफे’ १९८५ पासून भरभराटीत होते. २०१५ च्या अखेरीस भाडेवाढीने ती जागा सोडावी लागली, आणि वर्षभराने नव्या जागेत ते पुन्हा उघडले. भाडेकरार संपला की आचाऱ्याची कीर्ती घरमालकास बांधून ठेवीत नाही.

तेव्हा मिटणे पुष्कळदा कोणाच्याच हाती नसते. कसे मिटावे हे मात्र हाती असते. तबला बंद होणार हे काही महिने आधी जाहीर झाले होते. गिऱ्हाइकांना निरोपाचे जेवण जेवता आले. माणसांना नव्या जागा शोधण्यास अवधी मिळाला आणि त्याच समूहाच्या इतर घरांत त्यांना सामावून घेण्याचे प्रयत्न झाले. कार्डोझ यांच्या हातची विद्या त्या घराबरोबर मिटली नाही. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, अमेरिकेतील एका प्रसिद्ध पाकस्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी आळंबी घातलेला उपमा केला आणि ते विजयी झाले. जो उपमा आपल्या घरी पाहुण्यासमोर ठेवताना आपण ‘काही विशेष नाही’ म्हणतो, तोच. २०१५ मध्ये मुंबईत निघालेले ‘बॉम्बे कँटीन’ आणि २०१७ मध्ये निघालेले गोमंतकीय धाटणीचे ‘ओ पेद्रो’ यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. २५ मार्च २०२० रोजी करोनाने त्यांचे निधन झाले. हाताखाली शिकलेली माणसे आज ठिकठिकाणी चुलीपुढे उभी आहेत. एक घर मिटले आणि त्यातून अनेक चुली पेटल्या, याला अपयश म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

येथे आमचा शाळामास्तराचा अधिकार थोडासा चालतो असे वाटते. मिटणे म्हणजे काय हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या तालुक्यात पटसंख्या घटल्यामुळे सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद होताना आम्ही पाहिल्या आहेत. त्यांपैकी एकीत आम्ही स्वतः मुळाक्षरे गिरविली. दुःख झाले, आजही होते. परंतु त्या शाळा बंद झाल्या त्या रीतीने. प्रत्येक मुलाच्या हाती दाखला पडला आणि ते शेजारच्या शाळेत दाखल झाले. शिक्षकांचे समायोजन झाले. बाके, फळे, नकाशे यांची यादी झाली. जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेच्या कपाटात गेले, आणि त्या शाळेत फार पूर्वी शिकलेल्या माणसाचा नातू आज आला तरी आजोबांची जन्मतारीख त्यास मिळेल. सरकारी कारभाराला आम्ही सारेच नावे ठेवतो, आम्हीही ठेवतो. पण माणूस येथे होता, त्याने इतकी वर्षे इतके काम केले, एवढी नोंद तो कारभार पुसून टाकीत नाही. ज्या घराने विहिरीच्या जाळीवर दिवे लावण्यास लाखो रुपये घातले, त्याला आचाऱ्याच्या नावे एक पान ठेवता येऊ नये?

काही स्नेही म्हणतात, या श्रीमंती घरांशी आपल्याला काय कर्तव्य? आज उघडतील, उद्या जातील. कर्तव्य आहे, कारण आत राबणारी मुले आपली आहेत. बार्देश-पेडण्यातील मुलांना पूर्वी नोकरी म्हणजे सरकार, बँक किंवा आखाती देश एवढेच ठाऊक होते. आता ती भांडी घासण्यापासून सुरुवात करून पाच-सात वर्षांत मुख्य आचारी होतात. आईच्या हातची उडदामेथी जगापुढे मांडण्याचे धैर्य या घरांनी त्यांना दिले, हे ऋण आम्ही मान्य करतो. म्हणूनच ही घरे उघडावीत, चालावीत, जमल्यास वाढावीत, आणि वेळ आली तर सभ्यपणे मिटावीत. शेवटचा पगार, महिनाभर आधी सूचना, आणि सहीशिक्क्याचा दाखला. याला भांडवल लागत नाही.

तो विद्यार्थी आता म्हापशाला एका लहान खानावळीत काम करतो. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, पगार सात तारखेला रोख देतो, आणि मेथी किती भाजावी हे त्याला विचारीत नाही. जहाजाचे त्याच्या मनातून गेलेले नाही, जाऊ नये.

आमच्या हाती फार काही नाही. दहावीच्या वर्गाला मराठी आम्ही अजून स्वतःच शिकवितो. पत्रलेखनात पूर्वापार दोन अर्ज असत, एक रजेचा आणि एक नोकरीचा. गेल्या वर्षापासून आम्ही त्यांत आणखी दोघांची भर घातली आहे. पहिला नेमणूकपत्र मागण्याचा, रुजू होण्याच्या दिवशी लिहावयाचा. दुसरा अनुभवाचा दाखला मागण्याचा, जागा चालू असताना दर वर्षी एकदा लिहावयाचा. परीक्षेला हे येणार नाही, असे एका चुणचुणीत मुलीने विचारून घेतले. येणार नाही, हे खरे. तरी आम्ही ते वहीत लिहून घेतो, तारीख घालावयास लावतो, आणि शेवटच्या ओळीत ‘आपला विश्वासू’च्या खाली पूर्ण नाव लिहिले आहे की नाही, ते प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन पाहतो.